शेजारच्या होमस्टेचा दर पाहून आपला दर ठरवताय? आधी हे तपासा

समजा, तारकर्लीत तुमच्या दोन खोल्या आहेत. डिसेंबरमधल्या एका शनिवारसाठी शेजारच्या होमस्टेने ॲपवर ४,५०० रुपये दर लावला आहे. तुम्ही ४,३०० लावता आणि वाट पाहता. शनिवार उलटतो, खोली रिकामीच राहते. नंतर कळतं की शेजाऱ्याची खोलीही ४,५०० ला गेली नव्हती. शुक्रवारी रात्री फोन आला आणि त्याने ती ३,००० ला देऊन टाकली.

अनेकांचं गणित इथेच चुकतं. ॲपवर दिसतो तो मागितलेला दर, मिळालेला नव्हे. रिकामी गेलेली रात्र दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून स्पर्धकांचे दर जरूर पाहा, पण ते वाचायचे कसे हे समजून घ्या.

तुलना कोणाशी करायची?

गावातल्या पन्नास जागा पाहण्याची गरज नाही. सहा ते आठ पुरेत, पण त्या तुमच्यासारख्याच हव्यात. पाहुणा ज्या गोष्टींवर निवड करतो त्याच तपासा: किनारा चालत किती मिनिटांवर, एसी आहे की नाही, खोली मिळते की अख्खं घर, पार्किंग, इन्व्हर्टर, रिव्ह्यू किती आणि कसे. देवबागेतल्या खाडीकाठच्या घराची तुलना मालवण बाजारपेठेतल्या खोलीशी होत नाही.

जेवणही विसरू नका. कुणी दरात नाश्ता धरतं, कुणी माशांच्या थाळीचे पैसे वेगळे लावतं. २,८०० रुपयांत नाश्ता आणि २,६०० मध्ये फक्त खोली असेल, तर स्वस्त कोण हे दोघांच्या नाश्त्यावर ठरेल.

दर पाहायचा कसा?

तारखा, पाहुण्यांची संख्या आणि रात्री प्रत्येक ठिकाणी सारख्याच टाका. दोन माणसांसाठी दिसणारा दर चौघांसाठी बदलतो, कारण जादा गादीचे पैसे वेगळे असतात. पहिल्या पानावरच्या आकड्यावर थांबू नका. पैसे भरण्याच्या पानापर्यंत जा, तिथे सफाईचा आकार, ॲपचं शुल्क आणि कर धरून पूर्ण रक्कम दिसते. लॉगिन न करता पाहा, नाहीतर तुमच्या खात्यावरच्या किंवा बँक कार्डाच्या सवलतीमुळे आकडा फसवा दिसेल.

किमान तीन दिवस निवडा: हंगामातला शनिवार, त्याच आठवड्यातला मंगळवार आणि हंगाम सोडून एखादा मंगळवार. प्रत्येक तारखेचा दर महिनाभर आधी, आठवडाभर आधी आणि आदल्या दिवशी नोंदवा. मोबाइलवरची साधी शीट चालते. आदल्या दिवशी दर घसरला, तर आधीच्या दराला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं हे उघड आहे.

तारीख बंद दिसली म्हणजे बुक झाली?

नेहमीच नाही. मालकाने ती स्वतः बंद केलेली असू शकते, किंवा किमान दोन रात्रींची अट असल्याने एकच रात्र निवडता येत नसेल. कोकणात तर गणपतीचे दिवस लक्षात ठेवायलाच हवेत. चाकरमानी गावी आले की मालकाचं स्वतःचं घर भरतं आणि खोल्या ॲपवरून काढल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं हाऊसफुल्ल!

उलट पावसाळ्यात मालवणचं जलपर्यटन आणि सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक बंद असते. तेव्हाच्या दरांवरून दिवाळीचा अंदाज बांधू नका.

एअरबीएनबीच्या होस्टसाठीच्या सोयींत आसपासच्या मिळत्याजुळत्या जागांचे दर नकाशावर दिसतात. त्यात बुक झालेल्या आणि न झालेल्या जागा वेगळ्या पाहता येतात. पाहायच्या त्या बुक झालेल्या.

जीएसटीची पायरी

२२ सप्टेंबर २०२५ पासून एका खोलीचा दिवसाचा दर ७,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, त्याच्या वर १८ टक्के. मोठ्या खोल्या आणि व्हिलावाल्यांनी हे नीट पाहावं. ७,५०० दर असेल तर पाहुण्याला ७,८७५ रुपये पडतात. तुम्ही दर फक्त ३०० ने वाढवून ७,८०० केला, तर त्याचं बिल ९,२०४ होतं. तुम्हाला ३०० जास्त, त्याच्या खिशातून १,३२९ जास्त. स्पर्धक ७,५०० वरच का थांबलाय, याचं कारण इथे असू शकतं.

ॲपवरून बुकिंग झालं, तर जीएसटी नोंदणीची गरज नसलेल्या छोट्या मालकाच्या खोलीवरचा हा कर ॲप कंपनी भरते आणि तो पाहुण्याच्या बिलात येतो. तोच मालक थेट फोनवर खोली देतो तेव्हा हा कर लागत नाही. त्यामुळे फोनवरचा दर आणि ॲपवरचा दर एकाच रकान्यात लिहू नका.

मग दर कमी करावा का?

आधी स्वतःचा हिशेब मांडा. समजा, ३,००० रुपये दराने महिन्यात १२ रात्री जातात. धुलाई, वीज, सफाई असा पाहुणा आल्यावरच होणारा खर्च रात्रीला ५०० धरला, तर हातात ३०,००० उरतात. दर २,४०० केला तर रात्रीला १,९०० उरतील. म्हणजे तेवढेच पैसे मिळवायला १६ रात्री भराव्या लागतील. चार जादा रात्री मिळण्याची खात्री नसेल, तर सरसकट दर पाडून काम वाढेल आणि कमाई घटेल. शनिवारचा दर तसाच ठेवून फक्त मंगळवार-बुधवारचा कमी करणं अनेकदा जास्त शहाणपणाचं.

एक सावधगिरी

उघड दिसणारे दर पाहण्यात काही गैर नाही. पण ‘यंदा कुणीच ४,००० च्या खाली द्यायचं नाही’ असं स्पर्धकांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळून ठरवणं स्पर्धा कायदा, २००२ ला मान्य नाही. दर पाहा सगळ्यांचे, ठरवा मात्र आपापला.

आणि शीट उघडण्याआधी एक आकडा कागदावर लिहून ठेवा: ज्याच्या खाली खोली देणं परवडत नाही तो. शेजाऱ्याने घरासाठी कर्ज घेतलेलंच नसेल, तर त्याला परवडणारा दर तुम्हाला परवडेलच असं नाही.