लाइट गेल्यावर काय चालू राहायला हवं?

३० जुलै २०१२ च्या पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर भारताची ग्रिड कोसळली. ती सावरते न सावरते तोच ३१ तारखेला दुपारी एक वाजता पुन्हा गेली, आणि या खेपेला पूर्व व ईशान्येच्या ग्रिडनाही घेऊन गेली. बीना-ग्वाल्हेर या एका ४०० केव्हीच्या वाहिनीपासून सुरुवात झाली आणि साठ कोटींच्या आसपास लोक विजेविना राहिले. लखनौ दोन्ही दिवस त्यात होतं.

इतकं मोठं संकट पुन्हा आलेलं नाही. लखनौला आज त्रास होतो तो गल्लीतल्या बिघाडांचा. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांकडे सरकतो, घराघरांत एसी एकाच वेळी सुरू होतात, आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर किंवा जमिनीखालची केबल हार मानते. २०२४ च्या जूनमध्ये उत्तर प्रदेशाची विजेची मागणी ३०,००० मेगावॅटच्या वर गेली होती. अशा रात्री ट्रान्सफॉर्मर जळाला तर तो बदलेपर्यंत कित्येक तास जातात. इन्व्हर्टरची बॅटरी तोवर बसलेली असते. छतावरचं सोलर नुसतंच ग्रिडला जोडलेलं असेल, सोबत बॅटरी नसेल, तर ग्रिड जाताच तेही आपोआप बंद होतं. ही गोष्ट पुष्कळांना सोलर बसवल्यावर कळते. मग माणूस डिझेल जनरेटरसाठी लाटूश रोड गाठतो.

मोटारी, पंप, इंजिनं यांची ही लखनौमधली जुनी बाजारपेठ. पुण्याच्या खडकीत १९४६ साली सुरू झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचं नाव उत्तरेतल्या शेतकऱ्याला आणि दुकानदाराला किती ओळखीचं आहे, हे अशा बाजारात कळतं. दुकानदार पहिल्यांदा जनरेटरची क्षमता विचारतो, ‘कितने केव्हीए का?’ आणि इथेच बहुतेक खरेदी चुकते, कारण गिऱ्हाईक घाबरून मोठा आकडा सांगतं.

मला कळकळीने सांगायचं आहे ते हेच. डिझेल इंजिनाला जास्त भाराइतकाच कमी भारही बाधतो. क्षमतेच्या तीस टक्क्यांखाली ते तासन्‌तास चाललं, तर आतलं तापमान पुरेसं चढत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, अर्धवट जळलेलं तेल आणि काजळी नोझलवर, रिंगांवर आणि सायलेन्सरमध्ये साचते. वर्षा-दोन वर्षांत मशीन काळा धूर ओकू लागतं, आणि मालक म्हणतो, ‘फारसं वापरलंही नाही, तरी बिघडलं.’

तेव्हा आधी कागद घ्यावा. गोमतीनगरात खाली दवाखाना आणि वर राहतं घर असा एक संसार धरू. सहा पंखे ४५० वॅट, दहा एलईडी दिवे १०० वॅट, औषधांचा फ्रिज १५०, संगणक आणि वायफाय मिळून २५०, एक अश्वशक्तीचा पंप साधारण ११००, दीड टनाचा एक इन्व्हर्टर एसी १६००. बेरीज झाली ३६५० वॅट. छोट्या जनरेटर संचांचा पॉवर फॅक्टर सहसा ०.८ धरतात, त्याने भागलं की येतात साडेचार केव्हीएच्या किंचित वर. पण मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. म्हणून साडेसात केव्हीएचा संच घ्यावा आणि पंप सर्वांत आधी, एसी नंतर, अशी सवय लावावी. सगळं चालू असताना भार साठ टक्क्यांवर येतो, एसी बंद केला तरी चौतीस टक्के उरतो. याच घरात ‘पुढेमागे लागेल’ म्हणून पंधरा केव्हीए बसवला, तर एसीशिवाय तो सतरा टक्क्यांवर चालेल. नुसते दिवे आणि पंखे असतील तेव्हा जनरेटर सुरूच करू नये. ते काम बॅटरीचं.

खर्चाचाही अंदाज असावा. लहान संच लिटरभर डिझेलमधून जेमतेम तीन युनिट वीज देतो. लखनौमध्ये डिझेल लिटरला नव्वदीच्या आसपास धरलं, तर युनिट तीस रुपयांना पडतं. घरगुती ग्राहकाला तेच युनिट साडेपाच-साडेसहाच्या घरात मिळतं. औषधांचा फ्रिज दोन ते आठ अंशांत ठेवायचा असेल, तर हे पैसे सुखाने द्यावेत. घरभर चार एसी चालवण्यासाठी देणं मला पटत नाही.

यंत्रात पाहायचं ते इतकंच: मिनिटाला १५०० फेऱ्यांचं इंजिन ३००० फेऱ्यांच्या इंजिनापेक्षा जड आणि महाग असतं, पण कमी आवाज करतं आणि जास्त टिकतं. अल्टरनेटर ब्रशलेस असावा, वाइंडिंग तांब्याचं असल्याचं बिलावर लिहून घ्यावं. आणि ब्रँडपेक्षाही, त्या कंपनीचा मेकॅनिक आणि फिल्टर आपल्या भागात एका दिवसात मिळतो का, हे शेजारच्या दुकानदाराला विचारावं.

धुराबद्दलचा कायदा नीट समजून घेण्यासारखा आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या, १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या सीपीसीबी-४ प्लस नियमांत १९ किलोवॅटच्या वरच्या संचांना युनिटमागे धुरातल्या कणांची मर्यादा ०.०३ ग्रॅम किंवा त्याहून कमी आहे. त्याखालच्या लहान संचांना मात्र ०.३ ग्रॅमची सवलत, म्हणजे निदान दहापट. घरगुती जनरेटरचा धूर आपल्याच गल्लीत राहतो, आणि हिवाळ्यात लखनौची हवा आधीच जड असते. चिमणीसाठी सूत्र ठरलेलं आहे: इमारतीच्या उंचीवर, केव्हीएच्या वर्गमुळाचा पाचवा भाग इतके मीटर. साडेसात केव्हीएला हे अर्ध्या मीटरहून थोडं जास्त होतं. हे न करता सायलेन्सरचं तोंड बोळात सोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत धूर सोडणं आहे.

आवाजाचंही तसंच. आवाज अडवणाऱ्या खोक्यातल्या संचाला एक मीटरवर ७५ डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सुमारे सहा डेसिबल उतरतात, म्हणजे ४५ पर्यंत यायला तीसेक मीटर लागतात. लखनौच्या जुन्या चौक भागातल्या अरुंद गल्ल्यांत इतकं अंतर नाहीच, शिवाय भिंती आवाज परतवतात. तिथे गच्चीवर रबरी पायांवर बसवणं किंवा चार दुकानांनी मिळून एक चांगला संच घेणं हाच मार्ग. एका जनरेटरवाल्याकडून दरमहा ठरावीक पैसे देऊन लाइन घेण्याची पद्धत उत्तर प्रदेशातल्या बाजारांत आहेच.

दोन गोष्टींत तडजोड नको. संच जिन्याखाली, तळघरात किंवा बंद खोलीत कधीही चालवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला ते उठू देत नाही. आणि चेंजओव्हर स्विच हवाच. तो नसेल आणि घरातली वीज उलटी लाइनवर गेली, तर आपल्याच भागातल्या ट्रान्सफॉर्मरमधून तिचा दाब चढतो आणि खांबावर दुरुस्ती करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. अर्थिंग संचाचं वेगळं करावं.

एवढं झाल्यावर देखभाल फार नाही. पहिलं ऑइल साधारण पन्नास तासांनी बदलायचं, पुढची मुदत पुस्तिकेत पाहायची. लू वाहते त्या दिवसांत एअर फिल्टर वरचेवर झटकायचा. डिझेल सहा महिन्यांहून जुनं ठेवायचं नाही. महिन्यातून एकदा संच अर्धा तास चालवायचा, तोही पंप आणि एसी जोडून. रिकामा फिरवला तर काजळीच साचते. आणि पैसे पुरते चुकते करण्याआधी, मेकॅनिक घरी असतानाच, आपला स्वतःचा पंप त्या जनरेटरवर तीनदा सुरू करून बघायचा.