बाभळीवर कुऱ्हाड घालण्यापूर्वी

बांधावरची बाभूळ तोडताना सहसा कुणी दोनदा विचार करत नाही. काटेरी, निरुपयोगी, जागा अडवणारी असा शिक्का तिच्यावर बसला आहे. तो पुसायचा तर काही गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज : बाभूळ म्हणजे फक्त सरपण.

वस्तुस्थिती : बाभळीचं लाकूड कठीण आणि चिवट असतं. बैलगाडीची चाकं, नांगर, कुऱ्हाडीचे दांडे पिढ्यान्‌पिढ्या त्याचेच होत आले. सालीत टॅनिन भरपूर असतं. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरूनच कमावतात. उन्हाळ्यात चारा आटतो, तेव्हा शेळ्या-मेंढ्यांना तिच्या शेंगांचा आधार असतो.

गैरसमज : बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ सगळ्या एकच.

वस्तुस्थिती : वेडी बाभूळ आणि सुबाभूळ या दोन्ही अमेरिका खंडातून आलेल्या, वेगळ्या प्रजातींतल्या वनस्पती. गावठी बाभळीची फुलं म्हणजे पिवळेधमक गोल गोंडे आणि शेंग मण्यांच्या माळेसारखी, प्रत्येक बीनंतर आवळलेली. वेडीला लांबट तुरे येतात. सुबाभळीला काटेच नसतात, गोंडे पांढरे असतात. ओसाड जमिनीवर झपाट्याने पसरून गवत हटवते ती वेडी बाभूळ. बदनाम मात्र गावठी होते.

गैरसमज : बाभळीमुळे जमीन नासते.

वस्तुस्थिती : तिच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र बांधून ठेवतात आणि गळलेल्या पाल्यातून तो जमिनीत मिसळतो. छत्तीसगढमधले शेतकरी भाताच्या शेतातही बाभूळ राखत आले आहेत. झाडालगतच्या पिकाला सावली आणि मुळांचा त्रास होतो, हे खरं. त्यावर उपाय फांद्यांची वेळच्या वेळी छाटणी हा आहे. त्यातून सरपण आणि कुंपणाला काटेही मिळतात.

गैरसमज : डिंक आणि काथ एकाच झाडाचे.

वस्तुस्थिती : काथ खैराचा. खैर बाभळीचा जवळचा नातलग. त्याच्या लालसर गाभ्याचे तुकडे पाण्यात उकळून, अर्क आटवून काथ करतात. कोकणातला कातकरी समाज पूर्वी याच कामावर जगे. डिंक मात्र सालीच्या जखमेतून पाझरतो. म्हणून नीट काढला तर डिंकाचं झाड पुढेही उत्पन्न देतं. काथासाठी झाड तोडावंच लागतं, त्यामुळे खैराची नवी लागवड अत्यावश्यक ठरते. लाडवांसाठी बाभळीप्रमाणे धावड्याचाही डिंक वापरतात. जगाच्या बाजारात मोठा मान असलेला अरबी डिंक मुख्यतः सुदान आणि आसपासच्या देशांतल्या वेगळ्या बाभळीपासून मिळतो.

गैरसमज : इतकी गुणी बाभूळ कुठेही लावावी.

वस्तुस्थिती : हीच बाभूळ ऑस्ट्रेलियात नेली गेली आणि क्वीन्सलंडच्या कुरणांवर इतकी माजली, की तिथे ती राष्ट्रीय पातळीवरचं घातक तण ठरली आहे. आपल्याकडेही माळढोकासारखे पक्षी उघड्या गवताळ माळांवर जगतात. तिथे दाट झाडी लावणं म्हणजे त्यांचं घर मोडणं.

बाभळीची जागा शेताच्या बांधावर, ओढ्याकाठी आणि गावकुसाला. तिथे ती आपसूक उगवली असेल, तर तोडण्याआधी फूल आणि शेंग पाहून जात ओळखावी. गावठी निघाली तर छाटून वाढू द्यावी. अवर्षणाच्या वर्षी पीक हातचं जातं, तेव्हाही शेंगा, पाला आणि सरपण देणारं असं झाड आपल्या कोरडवाहू शेतीला परवडतं. गमावणं परवडत नाही.