ट्रेलर घ्यायचाय? आधी छपरावर चढा

अमेरिकेतले बहुतेक ट्रॅव्हल ट्रेलर आणि फिफ्थ व्हील (पिकअपच्या हौद्यात जोडायचे ट्रेलर) इंडियाना राज्यात, एल्कहार्टच्या आसपास तयार होतात. शोरूममध्ये नजर जाते ती सोफ्यावर आणि शेगडीवर. बघायचं असतं छप्पर. शिडी लावून वर चढा. झरोक्यांभोवतीचं सीलंट तडकलेलं असेल, तर पाणी आत शिरल्याची शंका घ्याच. मग बाहेरच्या फायबरग्लासच्या भिंतीवरून तिरकी नजर टाका. फुगवटा दिसला की आतला थर सुटलेला. असा ट्रेलर फुकटही नको!

टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे टायर 2019 च्या 23व्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर भररस्त्यात दगा देतं. शिवाय फिफ्थ व्हीलचा मोठा भार पिकअपच्या हौद्यात येतो, तेव्हा गाडीची क्षमताही तपासा.