पाण्यात उभा ऊस तहानलेला का?



गटात फिरताना एक तक्रार हमखास कानी येते. "साहेब, सरीतली ओल हटत नाही, तरी ऊस शेंड्याला करपतोय. अजून एक पाणी देऊ का?" नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत याचे उत्तर बहुतेक वेळा 'नको' हेच असते. पण नुसते 'नको' पटत नाही, म्हणून मुळात पाणी शिरते कसे, ते आधी पाहू.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्याच वेळात पाणी सुटते. ते कोणी ओतलेले नसते, मिठाने फोडीतून ओढलेले असते. उलट मनुका साध्या पाण्यात टाका, रात्रीत टम्म फुगतात. मधे पातळ पापुद्रा असला की पाणी पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते. शास्त्रात याला परासरण म्हणतात.

उसाच्या पांढऱ्या मुळीवर बारीक केस असतात. त्यांच्या आतला रस जमिनीतल्या पाण्यापेक्षा दाट, म्हणून पाणी आत येते. उसात साखर म्हणून तो पाणी ओढतो, असे काहीजण सांगतात. ते खरे नव्हे. साखर साठते कांडीत, आणि मोठे ओढकाम करते पान. पानावाटे वाफ उडते, तसे खालचे पाणी वर खेचले जाते. मुळाने घेतलेल्या पाण्यातले शेकडा एक-दोन भागच उसात राहतात, बाकी सारे हवेत जाते.

आता जमिनीतलेच पाणी खारट झाले तर? दोन्हीकडच्या दाटपणातला फरक कमी होतो आणि मुळीला जादा जोर लावावा लागतो. माती परीक्षणात विद्युत वाहकता ४ च्या वर गेली की जमीन क्षारयुक्त धरतात. तेवढ्या क्षाराने पाणी जवळजवळ दीड वातावरणाइतक्या दाबाने अडून बसते. उसाला तर त्याच्या निम्म्याच्या आसपासच झळ बसू लागते. कोरड्या सरीत बुडख्याशी युरियाचा ढीग टाकला की कोवळा ऊस जळतो, तेही याच कारणाने.

ठाणे जिल्ह्यात भिवंडी-शेलारकडे पीक भाताचे. तिकडे खाडीकाठच्या खाचराचा बांध फुटून भरतीचे पाणी आत आले की रोप पाण्यात उभे राहून वाळते. आपल्याकडे समुद्र नाही, आपले मीठ खालून येते. जादा पाण्याने भूजल वर चढते, कंदिलाच्या वातीसारखी माती ते वर ओढते, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यात पाणथळ जमिनीत मुळीला हवाही मिळत नाही.

हे दुखणे जुने आहे. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि १९१० साली हॅरॉल्ड मान व ताम्हाणे यांना नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. म्हणजे उण्यापुऱ्या पंचवीस वर्षांत!

उपाय निचऱ्याचा. आधी चर किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाईप, मग चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढायचे. वाट न काढता पाणी सोडले तर क्षार जातील कुठे? शिरोळ तालुक्यात श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन अशा पाईपांची कामे केली. एकट्याने हे जमत नाही, कारण पाईपाचे पाणी शेजाऱ्याच्या शेतातूनच ओढ्याला न्यावे लागते. खरी अडचण बांधावरच्या भांडणाची आहे, पैशाची नंतर.

जिप्समबद्दल एक खुलासा. ते चोपण जमिनीचे औषध आहे, जिथे सोडियम मातीला चिकटून बसलेला असतो. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम टाकणे म्हणजे खर्च वाया. दोन्हींतला फरक डोळ्यांनी कळत नाही, माती तपासावी लागते. निचरा होईपर्यंत पाडेगावच्या केंद्राचा फुले २६५ हा वाण लावावा, तो क्षार बऱ्यापैकी सोसतो. पाणी मात्र वाफसा पाहूनच द्यावे.

ज्यांच्या सरीवर पांढरी पापडी दिसते, त्यांनी लागणीआधी एक फुटाचा आणि दोन फुटांचा असे मातीचे दोन वेगळे नमुने गट कार्यालयात आणून द्यावेत. पिशवीवर गट नंबर लिहायला विसरू नये.