डबलसीट आणि घाटातलं वळण

धावती मोटरसायकल डावीकडे वळवायची असेल, तर हँडल आधी क्षणभर उजवीकडे फिरावं लागतं. वाचताना हे चुकीचं वाटेल, पण रस्त्यावरचा प्रत्येक दुचाकीस्वार हेच करतो आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. डावी मूठ किंचित पुढे ढकलली जाते, पुढचं चाक जरासं उजवीकडे निघतं आणि आधार खालून बाजूला गेल्यामुळे वरची गाडी डावीकडे कलते. कल आला की चाक आपसूक डावीकडे वळतं आणि गाडी वळणात शिरते. विमान बनवणारे राइट बंधू ओहायोतल्या डेटनमध्ये सायकलींचं दुकान चालवत. त्या दोघांतल्या थोरल्या विल्बरने अनेक सायकलस्वारांना विचारून पाहिलं होतं, तुम्ही डावीकडे वळता ते नेमकं कसं? उलट दिशेची ही पहिली हालचाल कोणालाच सांगता येत नव्हती. हात ती करत होते, डोक्याला खबर नव्हती.

आता मागे आणखी एक माणूस बसवू आणि वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट धरू. समजा एका वळणाची त्रिज्या 25 मीटर आहे आणि वेग ताशी 40 किलोमीटर. तोल राखायला साधारण 27 अंश झुकावं लागेल. हा आकडा काढताना वेग लागतो, त्रिज्या लागते, गुरुत्वाकर्षण लागतं. वजन लागत नाही. एकटा माणूस असो की डबलसीट, वळण तेवढाच कल मागतं. मागच्या माणसामुळे खाली ओढणारा भार वाढतो, तसाच बाहेर फेकू पाहणारा जोरही त्याच प्रमाणात वाढतो, आणि भागाकारात दोन्ही एकमेकांना छेदून जातात. इतक्या भरवशाची गोष्ट आपल्या पायाखाली रोज घडते, याचं मला फार नवल वाटतं.

वेगाचं मात्र तसं नाही, कारण तो हिशेबात वर्ग होऊन येतो. त्याच वळणावर ताशी 30 ला 16 अंश पुरतात, 50 ला 38 लागतात.

मग कल तोच असेल तर डबलसीट गाडी वळणात इतकी वेगळी का वाटते? कारण भार कुठे बसतो ते बदललेलं असतं. मागचा माणूस उंचावर आणि जवळजवळ मागच्या चाकावर बसतो. मागचे शॉकअप दबतात, गाडीचं नाक वर होतं, हेडलाइट रस्त्याऐवजी झाडांवर पडतो आणि पुढचं चाक हलकं झाल्याने हँडल सैल वाटतं. स्टँड आणि फूटरेस्ट जमिनीच्या जवळ येतात, म्हणून एकट्याने सहज जमणाऱ्या कलाला डबलसीट असताना लोखंड रस्त्याला घासू शकतं. यावर उपाय कंपनीनेच दिलेला असतो. बऱ्याच गाड्यांच्या शॉकअपला स्प्रिंग कडक करायचे टप्पे असतात, आणि मागच्या टायरच्या हवेचे दोन आकडे माहितीपुस्तकात छापलेले असतात, एक एकट्यासाठी, दुसरा डबलसीटसाठी. घाटाला निघण्याआधी या दोन गोष्टी पाहायला पाच मिनिटं पुरतात. गाडी धुण्यात जाणाऱ्या वेळापेक्षा ही पाच मिनिटं मला कितीतरी मोलाची वाटतात.

पण खरी गंमत मागच्या माणसाच्या शरीरात आहे. गाडी झुकली की नवख्याला वाटतं आपण पडणार, आणि तो उलट बाजूला ताठ होतो. याने किती फरक पडतो? चाळीस किलोचं वरचं धड दहा सेंटिमीटर बाहेर गेलं, तर गाडी आणि दोन माणसं मिळून होणाऱ्या एकत्रित गुरुत्वमध्याची जागा जेमतेम दीड सेंटिमीटर हलते. तेवढंच वळण घ्यायला गाडीला एखादा अंश जास्त झुकावं लागतं, बस्स. घात करतो तो अचानकपणा. वळणाच्या मध्यावर, चाकाखाली बारीक खडी असताना, न सांगता आलेला हा एक अंश चालवणाऱ्याला दचकवतो, आणि दचकलेला हात ब्रेककडे जातो. टायरची पकड एकच असते. ती वळायला खर्च होत असताना ब्रेकने आणखी मागितली, तर द्यायला शिल्लक राहीलच असं नाही. म्हणून वेग कमी करायचा तो गाडी सरळ असताना, वळणाच्या आधी. वळणात फक्त हलकी रेस धरून ठेवायची, म्हणजे शॉकअपही एका जागी स्थिर राहतात.

मागच्या माणसाने काय करावं, याचं उत्तर अगदी साधं आहे. डावं वळण आलं की चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावरून पुढे पाहावं, उजवं आलं की उजव्या. मान वळली की धड आपोआप गाडीच्या रेषेत येतं. शिवाय रस्ता दिसू लागतो, आणि दिसणाऱ्या वळणाची भीती निम्मी होते. त्याच्यासमोर एरवी असतं काय, तर हेल्मेटची पाठ!

घाट उतरताना एक साखळी तयार होते. ब्रेक लागला की मागचा माणूस गुळगुळीत सीटवरून पुढे सरकतो आणि चालवणाऱ्याच्या पाठीवर येतो. ते ओझं त्याच्या हातांवर जातं, कोपरं ताठ होतात, आणि ताठ हातांना मूठ हलकेच ढकलण्याचं ते सुरुवातीचं नाजूक काम जमत नाही. गाडी वळत नाही, असं वाटायला लागतं. वास्तविक अडलेले असतात हात. चालवणाऱ्याने गुडघ्यांनी टाकी आवळावी, मागच्याने एक हात मागच्या कडीवर ठेवावा, आणि खालच्या गिअरमध्ये उतरून इंजिनलाच गाडी रोखू द्यावी. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात मागच्या माणसाचा जीव त्याला न विचारता पणाला लावलेला असतो.

उजव्या वळणात आणखी एक गोष्ट डोळ्यांना फसवते. टायर मधल्या पट्ट्याच्या आत असतात, पण 27 अंश झुकलेल्या माणसाचं डोकं टायरच्या रेषेपासून दोन फुटांहून जास्त बाजूला गेलेलं असतं. म्हणजे चाकं आपल्या हद्दीत आणि दोघांची डोकी समोरून येणाऱ्या एसटीच्या वाटेत. अशा वळणात चाकं डावीकडेच राखावी लागतात.

आणि साडी नेसून एका बाजूला बसणं? आपल्या मोटार वाहन नियमांनी, दर मोटरसायकलला मागच्या माणसासाठी कडी, फूटरेस्ट आणि निम्मं मागचं चाक झाकणारी जाळी सक्तीची करून, चाकात पदर अडकण्याचा प्रश्न कायद्यात आणला. भौतिकशास्त्राकडेही त्याची नोंद आहे. दोन्ही पाय डावीकडे असले की भार थोडा डावीकडे जातो, आणि सरळ रस्त्यावरही गाडी किंचित उजवीकडे कलून चालते. म्हणून उजव्या वळणात तिला थोडं जास्त झुकावं लागतं, डाव्या वळणात थोडं कमी. शिवाय बाईला गुडघ्यांनी सीट धरता येत नाही, आणि पुढे पाहायला मान आणि कंबर दोन्ही पिळावी लागतात. घाटापुरता सलवार-कुडता घालून दोन्हीकडे पाय टाकून बसता आलं, तर हे तिन्ही प्रश्न सुटतात. ते जमत नसेल, तर चालवणाऱ्याने उजव्या वळणांचा वेग आणखी पाच-दहाने उतरवावा, आणि तो उतरवताना मागे तसं सांगावं.