चेंडू चालायचा, चहाचा कप नाही : पालवणकर बाळूंची गोष्ट

पुण्याहून रेल्वेने बेंगळुरूला येताना वाटेत धारवाड लागतं. गाडी थांबली की पेढे घ्यायची गडबड सुरू होते. माझ्यासाठीही धारवाड म्हणजे इतकी वर्षं फक्त पेढाच होता.

याच धारवाडात १८७६ च्या सुमारास एका मुलाचा जन्म झाला. पुढे तो इंग्लंडच्या मैदानांवर खेळला आणि तिथे शंभराहून जास्त बळी घेऊन आला. त्याचं नाव पालवणकर बाळू. भारताचा पहिला मोठा गोलंदाज म्हणून क्रिकेटचे अभ्यासक त्यांचंच नाव घेतात. आपल्यापैकी किती जणांनी ते ऐकलंय?

महिना तीन रुपये पगार

पालवणकर हे आडनाव पालवण या गावावरून आलं. कुटुंब चर्मकार समाजातलं, म्हणजे त्या काळात ‘अस्पृश्य’ मानलं गेलेलं. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे बाळूंचं बालपण पुण्याच्या छावणीत गेलं. बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले ते साहेबांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या एका पारशी क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा आणि सभासदांना सराव हवा असेल तेव्हा चार चेंडू टाकायचे. पगार महिना तीन रुपये. पुढे ते इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तिथे एक रुपया जास्त मिळायचा.

पूना क्लबात नेट बांधता बांधता त्यांच्या हातात पुन्हा चेंडू आला. कॅप्टन ग्रेग नावाचे इंग्रज अधिकारी तेव्हा नावाजलेले फलंदाज होते. बाळूंनी त्यांना तासन्‌तास गोलंदाजी केली. आपल्याला बाद केलं की ग्रेग दर वेळी आठ आणे देत, असं सांगतात. ते खरं असेल, तर आठ वेळा बाद केलं की महिन्याचा पगार वसूल!

अशी बाळूंची डावखुरी फिरकी तयार झाली. पण पूना क्लबात त्यांना फलंदाजीचा सराव मात्र कुणी करू दिला नाही. नोकराने चेंडू टाकायचे, बॅट साहेबांनी धरायची.

मैदानावर एक, पंगतीत वेगळे

पुण्याच्या हिंदू क्लबाला इंग्रजांना हरवायचं होतं आणि त्यासाठी लागणारा गोलंदाज समोरच होता. अडचण एकच होती, त्याची जात. बरीच चर्चा झाली आणि शेवटी बाळूंना संघात घेतलं गेलं.

पण ते कसं, ते ऐका. मैदानात सगळे तोच चेंडू हाताळत. चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये बसून कपातून चहा पीत. बाळूंना मात्र तो बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवायलाही त्यांची ताटली वेगळी आणि टेबल वेगळं. म्हणजे त्यांनी मिळवलेला बळी चालायचा, पण त्यांचा हात लागलेला कप चालत नसे.

संघ जिंकू लागला, बाळूंचं नाव वर्तमानपत्रांत झळकू लागलं, तशी ही बंधनं हळूहळू सैल झाली. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या सुधारकांनीही बाळूंची जाहीर बाजू घेतली. ज्याच्याबरोबर खेळता, त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे, हा त्यांचा सवाल होता.

मुंबई, १९०६

१८९६ मध्ये पुण्या-मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतरच्या काळात बाळू मुंबईत स्थिरावले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. तब्बल १०९ धावांनी विजय! बाळूंनी सामन्यात आठ बळी घेतले. शिवरामही त्या संघात होता. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं होतं आणि त्या विजयात दोन ‘अस्पृश्य’ भावांचा मोठा वाटा होता.

इंग्लंडचा उन्हाळा

१९११ मध्ये अखिल भारतीय संघ पहिल्यांदाच इंग्लंडला गेला. त्यात पारशी, हिंदू, मुस्लिम असे सगळे खेळाडू होते. आपल्या बेंगळुरूचे बी. जयराम होते, बाळू आणि शिवरामही होते. कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग. ते मोजकेच सामने खेळले.

संघाने बरेच सामने गमावले. बाळू तेव्हा पस्तिशीत होते आणि खांदा दुखत होता. तरीही त्यांनी संपूर्ण दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात आठ जणांना बाद केलं. लेस्टरशायरवरच्या विजयात त्यांचे ११ बळी होते. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक ठोकलं आणि भारतीय संघाने एक गडी राखून सामना जिंकला.

मुंबईत परतल्यावर दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या मानपत्राचा मसुदा भीमराव आंबेडकर नावाच्या एका तरुणाने लिहिला होता, असं सांगतात.

कर्णधारपद मात्र नाही

इतकं सगळं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना कधीच दिलं गेलं नाही. दर वर्षी त्यांच्या नावाची चर्चा व्हायची आणि निवड दुसऱ्याच कुणाची तरी व्हायची.

१९२० मध्ये त्यांना संघातूनच वगळलं, तेव्हा मात्र शिवराम आणि धाकटा भाऊ विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. दोन चांगले फलंदाज बाहेर बसल्यावर जिमखान्याला विचार करावा लागला. अंतिम सामन्यात भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आलं. सामन्यात कर्णधार पै मैदानाबाहेर गेले, तेव्हा थोडा वेळ बाळूंनी संघाचं नेतृत्व केलं. एवढंच त्यांच्या वाट्याला आलं.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, दार उघडलं. विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि संघाने मुंबईची चौरंगी स्पर्धा जिंकली. लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून मिरवलं. मोठ्या भावाने ज्याच्यासाठी वाट पाहिली, ते धाकट्याला मिळालं. विठ्ठल यांनी पुढे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिलं. आजी-आजोबांच्या कपाटात कुठे सापडलं, तर जपून ठेवा.

मैदानानंतर

भारताने पहिली अधिकृत कसोटी १९३२ मध्ये खेळली. तोपर्यंत बाळू पंचावन्न ओलांडून गेले होते. त्यामुळे कसोटीपटूंच्या यादीत त्यांचं नाव सापडत नाही. प्रथम श्रेणीचे आकडे मात्र आहेत : ३३ सामने, १७९ बळी, सरासरी १५.२१.

त्याच १९३२ मध्ये झालेल्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. पाच वर्षांनी, १९३७ च्या निवडणुकीत, ते काँग्रेसकडून मुंबईत उभे राहिले. समोर होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, म्हणजे कधीकाळी त्यांना आदर्श मानणारा तोच तरुण! बाबासाहेबांना १३,२४५ मतं मिळाली, बाळूंना ११,२२५. दोघांचे मार्ग वेगळे झाले होते, पण बाबासाहेबांच्या पिढीला बाळूंच्या खेळाने जो अभिमान दिला, तो कुठल्या निकालाने पुसला जाणारा नव्हता.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं.

आज चिन्नास्वामी स्टेडियमवर सामना असला की आपण घरात स्कोअर विचारत बसतो. एखाद्या फिरकीपटूने बळी घेतला की सगळा संघ धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. बाळूंनी घेतलेल्या कितीतरी बळींनंतर चहा त्यांना बाहेरच मिळाला होता.

पुढच्या वेळी गाडी धारवाडला थांबली, तर पेढे जरूर घ्या. आणि शेजारी मुलं बसली असतील, तर गाडी सुटेपर्यंत त्यांना बाळूंची ही गोष्ट सांगा.