खिशातून पैसे काढणारा वाचक

पाटण तालुक्यात पुस्तक लिहिणाऱ्याला पहिला प्रश्न येतो तो, “गुरुजी, आम्हाला एक प्रत द्या की!” हक्काने मागतात, मीही कौतुकाने देतो. वर सही, ‘सप्रेम भेट’. नंतर ते पुस्तक टीव्हीच्या कपाटात देवाच्या तसबिरीशेजारी जाऊन बसतं आणि तिथेच राहतं. तक्रार नाही. पण फुकट दिलेलं पुस्तक वाचलं गेलं का, हे विचारायची लेखकाला चोरी असते.

माझं पुस्तक 11 डिसेंबर 1967 च्या कोयनेच्या भूकंपाविषयी आहे. त्या पहाटे घरं कोसळली तेव्हा जे पोरवयाचे होते, त्यांच्याकडून ऐकून लिहिलेलं. जानेवारी 2026 मध्ये साताऱ्याला 99वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. विश्वास पाटील अध्यक्ष होते. धरणग्रस्तांवर ‘झाडाझडती’ लिहिणारा माणूस अध्यक्ष म्हटल्यावर आम्हा कोयनाकाठच्यांना त्याचं अप्रूप जरा जास्तच. मंडपातले परिसंवाद सोडून मी ग्रंथप्रदर्शनात घुटमळत होतो. आमच्या प्रकाशकांच्या गाळ्यापासून चार पावलांवर, दुसऱ्याच कुणाची पुस्तकं चाळल्याचं सोंग करत.

साठीपुढच्या एक बाई आल्या. पुस्तक उचललं, आधी मागची बाजू पाहिली, म्हणजे किंमत. अडीचशे. खाली ठेवलं. परत उचललं, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवत गेल्या आणि एका गावाच्या नावावर थांबल्या. “ह्यात हेळवाकचं हाय का हो?” गाळ्यावरच्या पोराने मान डोलावली. बाईंनी पिशवीतून छोटा बटवा काढला, घडी घातलेल्या नोटा सोडवल्या. “काय कमी होणार न्हाई का?” दहा टक्के सूट मिळाली. पुस्तक त्यांनी पदराने पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

तेवढ्यात पोराची नजर माझ्यावर पडली. “हेच लेखक!” तो ओरडणार हे दिसताच मी ओठांवर बोट ठेवलं. ओळख झाली की विकत घेणाऱ्याला संकोच होतो. सही मागितली नाही तर वाईट दिसेल, चांगलं बोलावं लागेल. बाईंना मी ठाऊकच नव्हतो. त्यांनी माझ्यावर उपकार केले नव्हते, हेळवाकसाठी पैसे मोजले होते. कुठल्याही सत्काराच्या शालीपेक्षा मला हे मोठं वाटलं.

हिशेब सांगतो. माझ्या करारात छापील किमतीवर दहा टक्के मानधन आहे, म्हणजे त्या प्रतीमागे पंचवीस रुपये. विक्रेत्याचं कमिशनच तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास जातं, उरलेल्यात कागद, छपाई आणि प्रकाशकाचं पोट. यावर कुणाचं घर चालत नाही. मराठीतल्या बऱ्याच पुस्तकांना आधार आहे तो ग्रंथालयांचा. अनुदान आलं की मार्चअखेरीला खरेदी होते, प्रती गठ्ठ्याने जातात. प्रकाशक त्यावरच तगतो, तेव्हा त्याला नावं ठेवू नयेत. पण गठ्ठ्याला चेहरा नसतो. भिलारला 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे, तिथे घराघरात बसून फुकट वाचता येतं. तेही मला आवडतं. तरी तेल-साखरेच्या यादीतून अडीचशे बाजूला काढून माणूस पुस्तक घेतो, तेव्हा त्याने काहीतरी नाकारून आपल्याला निवडलेलं असतं.

आनंदाबरोबर धाकधूकही होतीच. हेळवाकचं प्रकरण चांगलं पंधरा पानांचं, पण त्या बाईंच्या आळीचं, घराचं त्यात काही असेल का? पैसे घेतले म्हणजे हे उत्तर देणं आलंच. भेट दिलेल्या प्रतीबद्दल अशी धास्ती मला कधी वाटली नाही.

तेव्हा ओळखीतल्या कुणाचं पुस्तक निघालं, तर ‘प्रत द्या’ म्हणू नका. ‘कुठे मिळेल?’ एवढंच विचारा.